तेलीबागेतलं संत्रं

तेलीबाग, लखनौ
१५ जानेवारी २०२३

राजरत्न,

जय भीम.

'चिरंजीव' लिहिलेलं नाही, ते मुद्दाम. माझा नंबर तू ब्लॉक केलायस हे मला स्नेहलनं सांगितलं. पोरीवर रागावू नकोस. मी खोदून खोदून विचारलं म्हणून ती बोलली. तर फोन नाही, म्हणून पत्र. पोस्टमन अजून कुणाला ब्लॉक करत नाही. तुला वाचायचं नसेल तर वाचू नकोस, पण फाडू नकोस, स्नेहलकडे दे. तिला आत्याचं अक्षर आवडतं.

मी समेटासाठी लिहीत नाहीये. फक्त कळवायचं होतं की झाड जिवंत आहे.

कुठलं झाड, असं तू विचारशील, कारण विसरल्याचं सोंग तुला छान जमतं. म्हणून आठवण देते. बाबांच्या पुण्यानुमोदनाला मी लखनौहून आले आणि बघते तर बाग साफ! बाबांनी उभा जन्म दुसऱ्यांच्या बागांसाठी कलमं बांधली, उतारवयात कुठे स्वतःची संत्र्याची बाग उभी केली, आणि ते गेल्यावर तू ती मुळापासून उपटलीस. मुळं सडली होती, खोडातून डिंक गळत होता, असं तू म्हणालास. असेलही. अकोल्याला शेतकी शिकलास तू, मी कोण बोलणार? पण मी बोलले. तेव्हा तू सगळ्या पाहुण्यांसमोर म्हणालास, "लखनौले बसून हुकूम सोडतं तू! एक झाड जगवून दाखव तिकडं, मंग मले शिकव."

मीही काही कमी नाही. म्हटलं, लखनौत संत्रं पिकवीन, माझ्या झाडाचं फळ तुझ्या हातावर ठेवीन, तोवर तुझ्या उंबऱ्याला पाय लावणार नाही. घोटभर पाणी न घेता निघाले, वरुडच्या रस्त्यावरच्या रोपवाटिकेतून एक कलम घेतलं आणि ते मांडीवर धरून गाडीत बसले. समोरच्या बाईनं तर झाडाला नमस्कार केला. तिला वाटलं तुळस असेल.

ते झाड आता माझ्या डोक्याच्या वर गेलंय. पहिल्या हिवाळ्यात थंडीनं जरा वरून वाळलं होतं. इकडची थंडी तुला ठाऊक नाही, हाडं वाजतात. माळीभैयानं वाळलेलं छाटून दिलं आणि मग खालून असं जोमानं फुटलं की तुझे भाऊजी म्हणाले, हे झाड तुझ्यावर गेलंय. काटेही भरपूर आहेत. मातीचा गुण असेल. पण तब्येत अशी, की बघत राहावं.

फक्त फूल नाही. म्हणून या वर्षी डिसेंबरपासून मी पाणी तोडलंय, बाबा तोडायचे तसं. झाडाला तहान लागू द्यायची, पानं मलूल झाली की मग भरपूर पाणी द्यायचं. मग आंबिया बहार फुटतो. हे तुला शिकवायला नको, पण मलाही येतं, एवढंच कळावं.

स्वप्ना

५ मार्च २०२३

राजरत्न,

फूल आलं नाही.

तू हसला असशील. हस. पण आधी ऐक.

आमच्या शेजारी श्रीवास्तव भाभी राहतात. मनानं फार चांगल्या, हाताला मात्र स्वस्थता नाही. मी रोज सकाळी हजरतगंजच्या ऑफिसला जायची, जाताना पानांकडे बघायची. मनात म्हणायची, अजून मलूल होईना कसं हे? बाबांची झाडं तर माना टाकायची. काल सुट्टी होती म्हणून घरी होते, तर भाभी कुंपणावरून पाइप टाकून आमच्या झाडाला पाणी घालताहेत!

मी ओरडतच बाहेर गेले. त्या जराही डगमगल्या नाहीत. "आप तो ऑफिस चली जाती हैं, स्वप्ना जी. बेचारा मुँह लटकाए खड़ा रहता है. हमसे देखा नहीं गया."

मी त्यांना ताण म्हणजे काय, बहारासाठी झाडाला तहानेलं का ठेवतात, ते समजावलं. हिंदीत ते सगळं फार क्रूर वाटायला लागलं. भाभी म्हणाल्या, "भूखा-प्यासा रखने से कौन फल देता है, बताइए भला?"

याचं उत्तर तुला सुचलं असतं तरी तू कळवणार थोडाच!

माझं चित्त ठिकाणावर नाही, राजरत्न. सकाळी चहा ठेवायच्या आधी मी अंगणात जाते आणि एकेक शेंडा तपासते. कळीसारखं काही दिसलं म्हणून धावत जवळ जाऊन बघावं, तर नवं पान. दिवसभर ऑफिसात फायलींवर सह्या करते, पण मन त्या शेंड्यांवर असतं. परवा एका साहेबांनी विचारलं, "स्वप्ना जी, तबीयत ठीक है?" आता झाडाला कळी नाही म्हणून मी अशी बसलेय, हे त्यांना काय सांगणार? पिंटूला सांगितलं तर तो म्हणतो, "मम्मी, बाज़ार में मिलता तो है संतरा." या पोराला मराठी सगळं समजतं, पण उत्तर हिंदीत, आणि नेमकं दुखेल तिथे.

भाभींना मी पाइप गुंडाळून ठेवायला सांगितलंय. पुढच्या वर्षी बघू.

स्वप्ना

१० मार्च २०२४

राजरत्न!

फुललं!

पांढरं झालंय सगळं. सकाळी दार उघडलं आणि वास आत आला. आपल्या घराचा वास, बाग फुलायची तेव्हाचा, आई म्हणायची ना की दारं उघडी टाका रे, फुकटचं अत्तर आलंय. मी दारातच बसले आणि रडले, खोटं कशाला सांगू? तुझे भाऊजी चहा घेऊन आले आणि शेजारी बसले. त्यांनाही माहीत आहे की हे झाड म्हणजे माझ्या माहेरचं तिकीट आहे.

कळ्या थोड्या जांभळट आहेत. छान दिसतात.

भाभी कुंपणापाशी येऊन म्हणाल्या, "देखा, हमारे पानी का असर!" मी त्यांना मिठी मारली. आज कुणालाही मारली असती. तुलासुद्धा.

स्वप्ना

१६ जून २०२४

राजरत्न,

सगळं गळालं.

आधी फुलं गळाली, ते ठीक, तेवढी गळतातच. वाटाण्याएवढी फळं राहिली होती. मग लू सुटली. इकडचं हे गरम वारं दुपारी अंगावर असं येतं की कुणी तव्यावरचं फडकं तोंडावर धरावं. आठवडाभरात झाडाखाली हिरव्या गोळ्यांचा सडा. मी वेड्यासारखी त्या वेचत बसले. वेचून करायचं काय होतं?

त्या दुपारी मी कोयता काढला होता. हे कुणाला सांगितलेलं नाही, तुला सांगतेय. म्हटलं संपवू एकदाची ही पीडा. पन्नाशी उलटलेली बाई मी, हाताखाली माणसं आहेत, घरी नवरा-मुलगा आहे आणि मी एका झाडापायी सख्ख्या भावाच्या घरी जायची नाही? हा काय पोरखेळ आहे? एक फांदी तोडली. काटा तळहातात असा खोल घुसला की कोयता खाली पडला. दुसरी फांदी तोडायला मन झालं नाही.

पिंटू सध्या सरकारी परीक्षेची तयारी करतोय. त्याच्या खोलीत भिंतभर चिठ्ठ्या चिकटवल्यात. ध्येय, शिस्त, सातत्य. मला पट्टी बांधता बांधता म्हणाला, "मम्मी, रिज़ल्ट का मत सोचो. रोज़ का काम करो, बस." मी म्हटलं, तुला जमतं का? तो हसला. म्हणाला, "बिल्कुल नहीं. इसीलिए तो दीवार पर लिखा है."

त्याचं हसणं ऐकून मला जरा बरं वाटलं. म्हणजे घरात मी एकटीच अशी नाही.

आता मी एक नेम केलाय. झाडाकडे बघायचं नाही. संध्याकाळी पाणी घालायचं आणि पाठ फिरवून आत यायचं. शेंडे तपासायचे नाहीत. दोनदा मोडला, पण आता पुष्कळ जमतंय.

लोक विचारतात, इतकी उमेद आणता कुठून? भाभी विचारतात, ऑफिसातल्या बायका विचारतात. त्यांना मी काहीबाही सांगते. तुला खरं सांगू? उमेद-बिमेद काही नव्हती. राग होता, तुझ्यावरचा. सकाळी उठवायला तो पुरायचा. पण अलीकडे तो पुरेनासा झालाय. कोयता पडल्यावर मी तिथेच मातीत बसले आणि पहिला विचार मनात आला तो हा, की झाड नसलं तर तुला, माझ्या राज्याला, पत्र काय म्हणून लिहू?

हे वाक्य खोडणार होते. राहू दे.

स्वप्ना

२४ ऑगस्ट २०२५

राजरत्न,

स्नेहलनं फोन करून सांगितलं. एक फेब्रुवारी, रविवार. मुलगा नागपूरचा, शिक्षक, नाव लक्ष्मीकांत, आणि हसतो चांगला म्हणाली. अभिनंदन. माझ्या मांडीवर वाढलेली पोर ती, तिचं लग्न ठरल्याचं मला तिनं लपूनछपून सांगावं लागतंय, याची लाज तुला वाटू दे आणि मलाही.

"आत्या, येशील ना?" असं तिनं तीनतीनदा विचारलं.

मी म्हटलं, येणार. आणि संत्रं घेऊन येणार.

कारण या वर्षी फळ टिकलंय! तुला मुद्दामच कळवलं नव्हतं, म्हटलं दृष्ट लागेल. लू आली तेव्हा मी झाडाभोवती जुन्या चादरी बांधल्या. सगळी गल्ली हसली. हसू दे, फळ टिकलं. आता चांगली लिंबाच्या वर गेलीत, हिरवीगार. साल जरा खडबडीत आहे, पण ते पावसानंतर सुधारेल. डिसेंबरपर्यंत रंग येईल, फेब्रुवारीला लग्न. इतकं नेमकं जुळून आलंय की मला भीतीच वाटते.

भाभी काल म्हणाल्या, "नींबू तो बड़े-बड़े आए हैं इस बार." मी त्यांना चांगलंच सुनावलं. म्हटलं, "नींबू नहीं भाभी, नागपुरी संतरा है. ज़रा सब्र कीजिए." त्या गप्प बसल्या. आपण चुकीचं बोललो असं त्यांना वाटलेलं दिसलं नाही, पण बसल्या.

झाडाकडे न बघायचा माझा नेम मोडलाय, हे वेगळं सांगायला नको. ऑफिसातून तडक घरी येते. तेलीबागेच्या बाजारात भाजीसुद्धा घेत नाही, पिंटूच्या पप्पांना आणायला लावते. रोज वाटतं की आज माकडं येतील, आज चोर येतील, आज गारा पडतील. झोपेतसुद्धा मी फळं मोजते म्हणे.

राजरत्न, मी येणार आहे. उंबऱ्यात उभी राहीन आणि तुझ्या हातावर फळ ठेवीन. तू काही बोलू नकोस, नुसतं सोलून खा. बाकीचं मग बघू.

तुझी बहीण,
स्वप्ना

७ डिसेंबर २०२५

राजरत्न,

पहिलं फळ काढलं. पिवळंधमक. गोड निघालं. तुझे भाऊजी आणि पिंटू, दोघांनाही फार आवडलं.

इकडे सर्व ठीक. स्नेहलला आशीर्वाद.

स्वप्ना

२१ डिसेंबर २०२५

राजरत्न दत्तू,

काल स्नेहलचा फोन आला. बिचारी चाचरत होती. म्हणाली, "आत्या, पप्पांनी तुला एक निरोप दिलाय. मी आहे तसाच सांगते हं. रागावू नकोस." आणि मग तुझ्या आवाजाची नक्कल करत तिनं तो सांगितला, "विचार तुह्या आत्याले, जंबेरी कधीपासून गोड लागाले लागली?"

इतक्या वर्षांत तुझा पहिला निरोप. आणि तो हा!

हो, मी खोटं लिहिलं. गोड नाही निघालं. काय झालं ते ऐकून घे, मग पोटभर हस.

टेबलावर तिघं बसलो होतो. मी चांगली बशी काढली होती. साल सोलायला गेले तर ती सुटेना, म्हणून सुरी घेतली. सुरी टेकली आणि वास आला. मला तेव्हाच कळलं. तोंडात घालायची गरजच नव्हती. जंबेरीच्या, त्या आंबटढाण रानलिंबाच्या रोपांना लहानपणी सगळं पाणी मीच घालायची, त्या पाल्याचा वास माझ्या हातांना असायचा. पिंटू बघत राहिला, म्हणाला, "मम्मी, ये तो नींबू है." तुझ्या भाऊजींनी मात्र एक अख्खी फोड डोळे मिटून गिळली आणि म्हणाले, "छान आहे. अजून जरासं पिकायला हवं, बस." त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. ते आंबट होतं म्हणून, की माझ्याकडे बघून, मी विचारलं नाही.

मग मी अंगणात जाऊन खोड तपासलं, जे मी पाच वर्षांपूर्वी करायला हवं होतं. माळीभैयानं त्या पहिल्या हिवाळ्यात वाळलेलं छाटलं ते कलमाच्या सांध्याच्या खाली छाटलं होतं. वरचं संत्रं तेव्हाच मेलं. खाली उरला तो जंबेरीचा खुंट, ज्याच्या सालीत संत्र्याचा डोळा, म्हणजे फांदीवरचा कोंब, भरलेला असतो. तो फुटला. तोच वाढला. मी त्याला तहान लावली, चादरी बांधल्या, त्याच्यासाठी रडले. इतकी वर्षं मी जंबेरी वाढवली, राजरत्न. लोक कुंपणाला लावतात ते झाड.

आणि तुला माहीत होतं!

मी माझी पत्रं आठवून बघितली. पहिल्याच पत्रात सगळं आहे. थंडीनं वरून वाळलं, खालून जोमानं फुटलं, काटे भरपूर. पुढे जांभळट कळ्या, खडबडीत साल. वरुडचं शेंबडं पोरसुद्धा ओळखेल. तू तर शेतकी शिकलेला. तू खुर्चीत बसून माझी पत्रं वाचत होतास आणि ताई कशी जंबेरीला ताण देतेय याची मजा बघत होतास. लू आली तेव्हा माहीत होतं. कोयता काढला तेव्हा माहीत होतं. स्नेहलला मी "संत्रं घेऊन येते" म्हटलं, तेव्हाही तुला माहीत होतं.

एक ओळ पाठवली असतीस तरी पुरली असती. त्याच वेळी मी दुसरं कलम लावलं असतं आणि आज माझ्या हातात संत्रं असतं.

तू म्हणशील, तूही बाबांचीच पोरगी, तुला कसं कळलं नाही? तर हेही ऐक. मला कुणी शिकवलं होतं? बाबा कलमं बांधायला बसायचे तेव्हा चाकू तुझ्या हातात असायचा आणि घागर माझ्या. वाफ्यांना पाणी मी घालायचं, तण मी काढायचं, आणि डोळा भरायची वेळ आली की "तू आत जाय, पोरीच्या हातचा डोळा धरत नाही." दुसरे म्हणायचे ते म्हणायचे, आपले बाबाही म्हणायचे, आणि तेही बाबासाहेबांच्या फोटोखाली बसून. मी दाराच्या फटीतून बघायची. फटीतून हात दिसायचे, सांधा कुठे असतो ते दिसायचं नाही.

मला एकच सांग. का सांगितलं नाहीस? बाकी तुझ्याशी मला काही बोलायचं नाही. लग्नाला येणार नाही. शपथ ती शपथ.

स्वप्ना

१८ जानेवारी २०२६

राज्या,

आधी माझी एक चोरी सांगते, मग पुढचं.

परवा मी अमीनाबादला गेले होते, स्नेहलच्या साडीसाठी. जाणार नव्हते ना लग्नाला? पण साडी तर पाठवायला हवी, अशी मी स्वतःची समजूत घातली. दुकानदाराला म्हटलं, पांढरी चिकनची दाखवा, नवरीसाठी. तो माझ्याकडे बघतच राहिला. "दुल्हन के लिए? सफ़ेद?" मी म्हटलं, हो, आमच्यात नवरी पांढऱ्या साडीतच उभी राहते. त्यानं घाईघाईनं चांगला माल काढला आणि मग आपणहून म्हणाला, "सुंदर लगेगी बिटिया." साडी अशी मिळालीय की तू तोंडात बोट घालशील.

बाहेर आले तर हातगाडीवर संत्री. देठाला पान असलेली, ताजी. मी थांबले. मनात आलं ते लिहायलाही लाज वाटते, पण आलं. पानवाली निवडून घ्यायची, पिशवीत घालायची आणि तुझ्या हातावर ठेवायची. तू ओळखलं असतंस, पण स्नेहलपुढे, पाहुण्यांपुढे बोलला नसतास. मी निवडलीसुद्धा. मग गाडीवाला म्हणाला, "ले जाइए दीदी, असली नागपुर का है, शहद है शहद." मला इतकं हसू आलं! तुझ्याच मुलखातलं संत्रं मी लखनौहून तुझ्याच घरी घेऊन येणार होते. हसता हसता भर बाजारात रडू फुटलं. गाडीवाला घाबरला, त्यानं मला एक सोलून दिलं. खरंच गोड होतं.

घरी आले तर स्नेहलचा फोन. म्हणाली, "आत्या, पप्पांनी तुझं पत्र वाचलं. मग विहिरीकडे निघून गेले, जेवायलाही आले नाहीत. संध्याकाळी आले आणि मला म्हणाले, लिहून घे." आणि तिनं वाचून दाखवलं. मी ते तिच्याकडून दोनदा वाचून घेतलं. तिसऱ्यांदा मागायला लाज वाटली.

"सांगतलं असतं तं ताईनं झाड उपटलं असतं. झाड गेलं असतं तं पत्र बंद झाले असते. मले पत्र पाह्यजे होते."

राज्या, अरे, मग फोन घ्यायचास ना! पण नाही. तुझी मान ताठ आणि माझी त्याहून ताठ. मी इकडे जंबेरीला पाणी घालतेय कारण तुला लिहायला काही हवं, आणि तू तिकडे गप्प बसलायस कारण मी लिहायला हवं. आणि मध्ये ते बिचारं काटेरी झाड. भाभींना हे सगळं सांगितलं तर म्हणाल्या, "आप दोनों को ही पानी की ज़रूरत थी." मग म्हणाल्या, "अब अचार डाल दें?" फळं त्यांना हिरवी असल्यापासूनच लोणच्यासाठी हवी होती. मोठी बरणी झालीय. तुझ्यासाठी वेगळी बांधून ठेवलीय.

स्नेहलनं आणखी एक सांगितलं. बाग उपटायच्या आधी बाबांचं एकच निरोगी झाड उरलं होतं, त्याचे डोळे तू नव्या रोपांवर भरलेस, आणि विहिरीकडची पूर्ण ओळ त्या रोपांचीच आहे. मला कुणी बोललं नाही. मी विचारलं नाही आणि तू सांगितलं नाहीस, तेव्हा आपली बरोबरी झाली. पण हे कळल्यापासून मला घरात बसवत नाही. स्वयंपाक करताना उठून अंगणात जाते. खोडावरून हात फिरवते. खुंट चांगला आहे, राज्या. मजबूत आहे, थंडी सोसतो, लू सोसतो, रोग नाही. इतकी वर्षं वाया गेली असं म्हणत मी आठवडाभर धुसफुसत होते. आता बघते तर अर्धं काम झालेलंच आहे, वरचं तेवढं राहिलंय.

तर मी येतेय. तिघंही येतोय, तिकिटं काढली. शपथ मोडतेय, आणि हातात संत्रं नाही. उंबऱ्यात मी तुझ्या हातावर जंबेरी ठेवणार आहे. पाहुणे हसले तर त्यांना लोणचं वाढ.

लग्न आटोपलं, पोर सासरी गेली की घर खायला उठेल. तेव्हा रडत बसायचं नाही. मला वाफ्याशी घेऊन जा आणि बाबांचा चाकू माझ्या हातात दे. घागर तू धर. तुझ्या रोपांवर माझा हात बसू दे, चारदोन रोपं फुकट जातील, ती जाऊ देत. मग विहिरीकडच्या ओळीतली डोळकाडी, चांगले डोळे असलेली, कापून ओल्या फडक्यात गुंडाळून दे. ती घेऊन मी गाडीत बसेन. फेब्रुवारीत इकडे थंडी ओसरते, झाडात रस चढतो, तेव्हा डोळा भरेन. माझ्या झाडावर, माझ्या हातानं. तू शिकव, पण करू मला दे. पोरीच्या हातचा डोळा धरतो की नाही, ते बघूच.

नाही धरला तर पुन्हा भरेन. संत्रं लागायला परत किती वर्षं जातील कोण जाणे. मला घाई आहे, तू मला ओळखतोस, मी रोज सकाळी शेंडे तपासणार आणि तुला लिहीत राहणार.

पण या वेळी माझ्या पत्रात काही चुकताना दिसलं, तर गप्प बसू नकोस. चूक आहे म्हणून सरळ कळव. पत्रं बंद होणार नाहीत.

तुझी,
ताई